बंदरातली परदेशी खापरं

नमस्कार मंडळी. जुन्या बंदराचं उत्खनन म्हटलं की सगळ्यांना सोन्याची नाणी आठवतात, पण नाणं काय, हातोहात फिरतं, वितळवलं जातं, कुठल्या कुठे जाऊन पोचतं. मडकं फुटलं की बहुतेक तिथेच पडतं. फुटकं खापर कोण उचलून नेणार?

पाँडिचेरीजवळचं अरिकमेडू घ्या. १९४५ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांना तिथे चकचकीत लाल भांड्यांचे तुकडे मिळाले, थेट इटलीतल्या आरेत्झोच्या पद्धतीचे, काहींवर तर कारागिराच्या नावाचा शिक्का. अशा भांड्यांचा काळ युरोपात आधीच ठरलेला होता, साधारण इसवी सनाचं पहिलं शतक, त्यामुळे त्याच थरात सापडलेल्या इथल्या खापरांचाही काळ लावता आला.

पण ताटवाट्यांपेक्षा मला तरी मालाचे रांजण जास्त आवडतात. केरळात पट्टणमला रोमन अँफोऱ्यांचे, म्हणजे दोन मुठींच्या रांजणांचे, ढीगभर तुकडे निघाले, काहींच्या मातीत काळे ज्वालामुखीचे कण दिसतात, म्हणजे ते नेपल्सच्या बाजूचे, आणि त्यातून बहुतेक वाइन आली. आता गंमत बघा, आपल्याकडे बरीच वर्षं दुसऱ्याच एका जातीच्या रांजणाचे तुकडे रोमन म्हणून खपत होते. हा टॉर्पेडो जार, याला मूठ नसते, आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. हा इराकच्या, इराणी आखाताच्या बाजूचा माल! म्हणजे खापराची आतली बाजू नीट पाहिली नाही की सगळा व्यापार रोमच्या खात्यात जमा.

उलट दिशेचाही पुरावा आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावर बेरेनिके बंदर होतं, तिथल्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. मिरी विकायला नेली, समजलं. पण तिथेच भारतीय पद्धतीची स्वयंपाकाची साधी मडकीही मिळतात, आणि ती विकायला कोण नेईल हो? त्यात रोजचं जेवण शिजवणारी माणसंच तिथे राहत असणार, निदान परतीचा वारा सुटेपर्यंत तरी. त्याच किनाऱ्यावरच्या कुसैर अल-कदीमला तर खापरांवर तमिळ-ब्राह्मी या प्राचीन लिपीत नावं कोरलेली आहेत, एक कणन, एक चातन.