चॅट्सवर्थचं केळं

नमस्कार श्रोतेहो. मी रावेर तालुक्यातला केळीवाला. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला होतो. तिच्या गल्लीतल्या ज्येष्ठ मंडळींनी एक दिवसाची बस काढली होती, दोन जुने वाडे आणि त्यांच्या बागा बघायला. लेकीने परस्पर आमची नावं घातली. बस आठची, मंडळी साडेसातलाच डबे घेऊन हजर. सहल इथली काय नि तिथली काय, गाडी हलली की डबे उघडतातच. पुढच्या सीटवरच्या गुजराती काकूंनी थेपले फिरवले.

पहिला थांबा हार्डविक हॉल. 1590च्या दशकात बेस नावाच्या बाईने बांधलेला. बाई जबरदस्त. चार लग्नं केली, चौघांच्याही मागे उरली, आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर स्वतःची आद्याक्षरं दगडात कोरून ठेवली. आत पडदे, पलंग, तसबिरी. तासाभरात माझे पाय दुखले. पण तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव तेवढं लक्षात ठेवा, कॅव्हेंडिश. पुढे लागणार आहे.

दुपारी चॅट्सवर्थ. हा त्या कॅव्हेंडिशांचा, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा वाडा. 1826 साली तेव्हाच्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टन नावाचा शेतकऱ्याचा पोरगा मुख्य माळी म्हणून ठेवला. वय अवघं 22. लंडनहून घोड्यांच्या कोचने रात्रभर प्रवास करून गडी पहाटे साडेचारला पोचला. सगळं सामसूम. मग कुंपण ओलांडून आत शिरला, बाग पालथी घातली, सहाला माणसं कामाला लावली, आणि नाश्त्याला बसला तर वाड्याच्या व्यवस्थापिकेची भाची भेटली. पुढे तिच्याशीच लग्न केलं. नऊच्या आत एवढं सगळं! आमच्याकडे नऊपर्यंत सालदाराचा चहा होत नाही.

त्या पॅक्स्टनचं कारंजं पाहून मी तिथेच बसलो. 1844 साली रशियाचा झार येणार म्हणून बांधलं. झार आलाच नाही, कारंजं राहिलं. जोरात सोडलं तर जवळपास 300 फूट उडायचं. आणि श्रोतेहो, पंप नाही! मागच्या डोंगरावर, सुमारे 350 फूट उंच, त्याने आठ एकरांचा तलाव खोदून घेतला, रात्री मशाली लावून, सहा महिन्यांत. तिथून पाइप खाली. उताराच्या दाबावरच पाणी उडतं. व्हॉल्व्हसुद्धा हळूहळू उघडायचा, नाहीतर पाइप फुटेल. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रात्री दोनला थ्री फेज वीज आल्यावर मोटर चालू करायला जाणारा माणूस मी. बिनमोटरीचं पाणी बघून काय वाटलं असेल, तुम्हीच बघा.

आता ते आडनाव. पॅक्स्टनने काचेच्या उबदार घरात एक बुटकं केळीचं झाड वाढवलं. मॉरिशसहून इंग्लंडमध्ये आलेल्या वाणाचं. 1835च्या नोव्हेंबरात ते व्यालं, कमळ म्हणजे केळफूल आलं. मालकाच्या मानासाठी त्याला नाव दिलं कॅव्हेंडिश. पुढे मिशनऱ्यांनी त्याची रोपं सामोआ बेटांवर नेली. आज जगातल्या दुकानांत दिसणारं बहुतेक केळं याच गटातलं. आपली बसराई त्यातलीच, आणि टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांची, ग्रँड नैनही त्यातलीच. आपली केळी तिथून आली असं मी म्हणत नाही, हा गट मुळात पूर्वेकडचा. पण चाळीस वर्षं मी खतांच्या माहितीपत्रकांत ‘कॅव्हेंडिश’ वाचत आलो, तो माणूस कोण, कधी विचारलं नव्हतं. त्याच्या दारात उभा होतो, चुकीच्या चपला घालून, चिखलात.

परतीच्या बसमध्ये लेकीने दिलेली पिशवी उघडली. आत दोन केळी, कोस्टा रिकाचं स्टिकर लावलेली. शेजारचे इंग्रज आजोबा झोपेतून जागे झाले, त्यांना एक दिलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, “कॅव्हेंडिश. आय ग्रो.” त्यांनी केळ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, वाडा गेला त्या दिशेला. “द ड्यूक?” म्हणाले. मी म्हटलं, “नो नो. द माळी.”

सौभाग्यवतींनी माझ्या हातातलं दुसरं केळं सोलून अर्धं स्वतः घेतलं आणि म्हणाल्या, “बेचव आहे. आपलं गोड.”