लिस्बनची फरसबंदी

आमच्या चित्रफितीच्या सुरुवातीला सांव जॉर्ज किल्ल्याच्या तटावरून सकाळच्या उन्हात दिसणारे हे लिस्बन आहे: तांबड्या कौलांची छपरे, उतारावर एकमेकांना टेकून उभी असलेली आल्फामा वस्तीतील घरे आणि त्यांच्यापलीकडे खाडीसारखी रुंद झालेली तेजो नदी. 1147 मध्ये अफोन्सो हेन्रिकेश या राजाने मूर, म्हणजे मुस्लिम, शासकांकडून हा किल्ला जिंकला आणि प्रवासी सहसा त्याच इतिहासासाठी इथवर चढून येतात. आम्हा चौघा मित्रांचे कुतूहल मात्र 1842 या सालाशी जोडलेले होते. त्या वर्षी किल्ल्यावरील लष्करी अधिकारी युसेबियो फुर्तादो यांनी तिथल्या कैद्यांना कामाला लावून आवारात काळ्या-पांढऱ्या दगडांची, आपल्या करवतकाठी लुगड्याच्या किनारीसारखी दातेरी फरसबंदी करून घेतली. ती पाहायला शहरातून लोक येऊ लागले आणि कैद्यांच्या हातून झालेले ते काम लिस्बनच्या पदपथांचा पहिला नमुना ठरले.

किल्ल्यावरून उतरताना सांव तोमे रस्त्यावर पदपथ एका ठिकाणी जमीन सोडून थेट भिंतीवर चढलेला दिसतो. त्या दगडांतून साकारलेला चेहरा फादो या पोर्तुगीज गानप्रकारातील गायिका आमालिया रोद्रिगेश यांचा आहे. व्हिल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने 2015 मध्ये नगरपालिकेच्या फरसबंदी कारागिरांना हाताशी धरून हे काम केले. जवळ गेल्यास फक्त काळे, पांढरे आणि करडे तुकडे दिसतात, आणि चार पावले मागे सरकल्यावर चेहरा जुळून येतो.

यानंतर दिसतो तो रोसियो चौक. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने आणि आगीने शहराचा हा सखल भाग उद्ध्वस्त झाला. पुढे पोंबालचा मार्केस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत तो सरळ, काटकोनी रस्त्यांचा आणि मोकळ्या चौकांचा असा नव्याने आखला गेला. किल्ल्यावरील यशानंतर फुर्तादो यांच्याकडे रोसियोचे काम आले आणि 1849 मध्ये चौकभर काळ्या-पांढऱ्या लाटा पसरल्या. या नक्षीला ‘मार लार्गो’, म्हणजे मोठा समुद्र, असे म्हणतात. जमीन पूर्णपणे सपाट असूनही ती वरखाली होत असल्याचा भास पडद्यावर जितका होतो, त्याहून अधिक तो प्रत्यक्ष चालताना होतो. हीच लाट पुढे रिओ दि जानेरोच्या कोपाकाबाना किनाऱ्यावर गेली आणि मकावच्या सेनादो चौकातही उमटली.

शहरातल्या शियादो भागातील चढावर दोन कारागीर दुरुस्तीचे काम करत होते. त्यांनी चित्रीकरणाला परवानगी दिली, म्हणून हा भाग आम्ही मुद्दाम लांब ठेवला आहे. बुटक्या तिपाईवर बसलेला हा कारागीर ढिगातून एक दगड उचलतो, डाव्या तळहातावर फिरवून त्याची धार हेरतो आणि हातोडीचा नेमका घाव घालून नको असलेला कोपरा उडवतो. मोजपट्टी कुठेही दिसत नाही. खाली वाळू आणि दगडाच्या भुकटीचा थर अंथरलेला आहे आणि त्यावर नक्षीचा साचा ठेवलेला आहे. साच्याच्या कडेने काळे दगड बसतात, मग साचा उचलला जातो आणि पांढरे दगड त्यांना येऊन भिडतात. पांढरा दगड चुनखडीचा असतो. काळा कधी चुनखडीचाच, तर कधी बसाल्ट असतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या लेण्यांच्या कातळाच्या जातीचा. बसाल्ट घडवायला कठीण, त्यामुळे हातोडीचा आवाज ऐकूनच कोणता दगड फुटतो आहे हे ओळखता येते. शेवटी फटींमध्ये भुकटी झाडून घालतात, पाणी शिंपडतात आणि धुमसाने ठोकून सगळे दगड एका पातळीत आणतात. उखडलेले जुने दगड टाकून दिले जात नाहीत. तेच पुन्हा बसवले जातात आणि खाली गटाराची किंवा विजेची वाहिनी दुरुस्त करायची झाल्यास पुन्हा काढताही येतात. काँक्रीटच्या पदपथाबाबत हे शक्य नाही, आणि शहरांचे हिशेब मांडणाऱ्यांनी ही बाब जमेस धरायला हवी.

दुपारी आम्ही नदीकाठच्या बेलेंला गेलो. तिथल्या पोर्तुगीज दर्यावर्दींच्या सफरींच्या स्मारकाच्या माथ्यावरून दिसणारे हे दिशाचक्र 50 मीटर व्यासाचे असून ते दक्षिण आफ्रिकेने 1960 मध्ये भेट म्हणून दिले. त्याच्या मध्यभागी जगाचा नकाशा आहे आणि पोर्तुगीज जहाजे कुठे कोणत्या वर्षी पोहोचली याची नोंद त्यावर आहे. ही फरसबंदी नसून रंगीत दगडांचे जडावकाम आहे, म्हणजे जात वेगळी, पण हौस तीच. आमच्यातील मूळचा पणजीचा मित्र भारताच्या किनाऱ्यावर उभा राहिलेला दिसतो. जहाजे पोहोचल्यानंतर किनाऱ्यावर काय घडले याला या नकाशात जागा नाही. स्मारक उभे राहिल्याच्या पुढच्याच वर्षी, 19 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्त झाला.

संध्याकाळी रेश्तावरादोरेश चौकात कारागिरांचे ब्राँझचे शिल्प टिपले. एक जण खाली बसून दगड ठोकतो आहे, दुसरा उभ्याने धुमस चालवतो आहे. राजे, सेनापती आणि कवी यांच्या पुतळ्यांनी भरलेल्या शहरात पदपथ घालणाऱ्या मजुरांना 2006 मध्ये मिळालेला हा मान उशिराने मिळाला, असेच म्हणावे लागेल. हे कारागीर कमी होत चालल्यामुळे लिस्बन नगरपालिकेने 1986 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढली. शाळा चालू आहे, परंतु दिवसभर वाकून, उन्हापावसात करायच्या या कामाकडे वळणारे तरुण थोडेच आहेत. गुळगुळीत झालेले दगड पावसात निसरडे होतात, वृद्ध माणसे पडतात, चाकाच्या खुर्च्या अडतात, आणि या कारणांमुळे काही रस्त्यांवर नगरपालिका ही फरसबंदी काढून दुसरे पृष्ठभाग घालू लागली आहे.