शहराच्या कडेची जमीन

नमस्कार श्रोतेहो.

छत्रपती संभाजीनगरातून पैठण, जालना किंवा बीड, कोणत्याही रस्त्यानं निघा. शहर नेमकं कुठं संपलं हे सांगणं आता अवघड झालंय. तुरीच्या शेताला लागून चुन्याच्या रेघा दिसतात, मध्येच एक कमान, पुढं फलक: 'एनए प्लॉट, हप्त्यांची सोय'. एनए म्हणजे बिनशेती. शेत विकणाऱ्याला नावं ठेवायला मी इथं बसलेलो नाही. दोन पावसाळे कोरडे गेले, घरात लग्न निघालं, वर सोसायटीचं कर्ज असलं, की इसार घेऊन दारात आलेला माणूस देवासारखा वाटतो.

पण त्या जमिनीचं पुढं काय होतं? आधी जेसीबी येऊन बांध मोडतो, बांधावरच्या बाभळी आणि कडुनिंब जातात. मग काळ्या मातीवर मुरूम पसरून रोलर फिरतो. विहीर राडारोड्यानं बुजवतात. शेताच्या कडेचा ओढा वर्षातले आठ महिने कोरडाच, म्हणून त्याच्यावरही प्लॉट पडतात. मग भादव्यात एखादा जोराचा पाऊस झाला की त्याच घरांत गुडघाभर पाणी, आणि उन्हाळ्यात त्याच दारांसमोर टँकर. मुरायला जागाच ठेवली नाही, तर पाणी दुसरं काय करणार?

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. संभाजीनगर तर पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी पंपानं चढवून आणतं. याच गावात सतराव्या शतकात मलिक अंबरनं नहरी बांधून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर पाणी खेळवलं होतं. त्या नहरींना पाणी मिळायचं ते गावाबाहेरचे डोंगर आणि माळ मोकळे होते म्हणून.

दिल्ली दरवाजाजवळ हिमायतबाग आहे, मुघल काळातली, सुमारे ३०० एकरांची. जवळच सलीम अली सरोवर. एवढी जमीन भर शहरात कशी टिकली? मला वाटतं, तिथं कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे, हे मोठं कारण. लोक कलमं न्यायला येतात. जमीन कामात असली, तिला कुणी धनी असला, की तिच्यावर हात टाकायला माणूस कचरतो. नुसतं कुंपण घातलेली मोकळी जागा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत भरते.

म्हणून शहराजवळचं शेत वाचवायचं तर ते शेतकऱ्याला परवडलं पाहिजे. मराठवाड्याच्या केसर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि गिऱ्हाईक तर पाच-दहा किलोमीटरवर बसलंय. हुरड्याच्या दिवसांत शहरातली माणसं गाड्या भरभरून शेतात येतात आणि पैसे मोजतात, हे आपण बघतोच. आणखी एक. शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी जागा आरक्षित झाली तर मालकाला तिच्या मोबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो. जो शेत शेतच ठेवायची लेखी हमी देतो, त्यालाही असं काही का मिळू नये? त्याच्या शेतात मुरलेलं पाणी शहराच्याच बोअरला लागतं.

गायरानांची गोष्ट निराळी. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या ग्रामपंचायतींना परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं. पण मराठवाड्यात हा निकाल डोळे मिटून लावता येणार नाही. इथं कित्येक भूमिहीन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून जगलीत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो याच हक्कासाठी. त्यांना हुसकावून तिथं उद्यानाची पाटी लावली, तर त्याला संरक्षण म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

आणि माळरान! सरकारी कागदावर ते पडीक नाहीतर पोटखराब, म्हणजे पिकाला निरुपयोगी. प्रत्यक्षात तिथं शेरडंमेंढरं चरतात, चंडोल आणि टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, लांडगा फिरतो. हिरवाई वाढवायची म्हणून अशा गवताळ माळावर जेव्हा खड्डे खणून ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड लावतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. गवत राखा, चराईच्या पाळ्या लावा; माळाला तेवढं पुरतं. झाडं लावायची हौस असेल तर बांध आणि ओढ्याचे काठ आहेत की.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत एक समिती असायला हवी, आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, पिकं, जनावरं, पाणी यांची लोकांनीच केलेली नोंद. येत्या ग्रामसभेत ती वही बघायला मागा. कोरी असेल तर लिहायला बसा: गायरानाचा गट नंबर, ओढा कुठून निघतो नि कुठं मिळतो, तळ्याचं पाणी कुठवर चढतं, गावठी ज्वारीचं बी कुणाच्या घरात आहे. उद्या शहराच्या आराखड्यात तुमचं गाव आलं, तर हरकत घ्यायला मुदत थोडी असते, आणि इथं ओढा होता हे तेव्हा कागदावर दाखवावं लागतं.

नमस्कार.