आधी पेलोड, मग ट्रेलर

मंडळी, पिकअप ट्रक दाखवताना विक्रेता सगळ्यात आधी सांगतो तो आकडा ओढण्याच्या क्षमतेचा. समजा, ४५०० किलो. हा आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या अवस्थेतल्या ट्रकचा आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. बऱ्याच कंपन्या एसएई, म्हणजे अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या, जे २८०७ या मानकाप्रमाणे ही क्षमता ठरवतात. त्यात चालक आणि एक प्रवासी धरलेला असतो, प्रत्येकी साधारण ६८ किलोचा, आणि वर ट्रेलर जोडायचं सामान. हौद्यात माल नाही, मागच्या सीटवर माणसं नाहीत. असा ट्रक घेऊन सहलीला कोण निघतं, ते मला एकदा बघायचंय.

आता दुसरा आकडा, पेलोड. गाडीचं जास्तीत जास्त मान्य एकूण वजन घ्या, त्यातून मोकळ्या गाडीचं वजन वजा करा, उरतं ते पेलोड. बऱ्याच ठिकाणी चालकाच्या दाराच्या चौकटीवर टायरमधल्या हवेच्या लेबलासोबतच तो छापलेला सापडतो. माहितीपत्रकातला आकडा सोडा, हा वाचा, कारण तो तुमच्या हातातल्या गाडीचा असतो. चामड्याच्या सीट, सनरूफ, फोर बाय फोर, जड डिझेल इंजिन, जे जे वाढतं ते पेलोडमधून कापलं जातं. म्हणून सगळ्यात महागडं मॉडेल पुष्कळदा सगळ्यात कमी माल उचलतं.

ट्रेलर तर मागून येतो, त्याचा पेलोडशी काय संबंध? संबंध आहे, कारण ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. हिच म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा. त्याच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, साध्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन येतं; आणि ज्याचा सांधा हौद्यात बसतो त्या फिफ्थ व्हील ट्रेलरचं १५ ते २५ टक्के वजन ट्रकवर येतं. हे वजन ट्रकच्या पाठीवर बसतं. गाडीच्या दृष्टीनं तो मालच.

हिशोब करू. लेबलावर पेलोड ७२० किलो. चालक धरून चार माणसं, ३०० किलो. हौद्यात जनरेटर, अवजारं, सामान मिळून १२०. हिचचं सामान ४०. राहिले २६०. बॉलवर १३ टक्के येतात असं धरलं, तर २६० किलो भरायला २००० किलोचा ट्रेलर पुरतो. ४५०० वरून २०००! इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. चालक एकटा असता आणि हौदा रिकामा असता, तर माहितीपत्रकातला आकडा गाठता आला असता.

एवढ्यावर भागत नाही. बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो. दोन एक्सलमधलं अंतर ३.६ मीटर आणि मागच्या एक्सलपासून बॉल १.५ मीटर मागे आहे, असं समजा. बॉलवर ३६० किलो ठेवले की मागच्या एक्सलवर ३६० नाही, ५१० किलो वाढतात. जादाचे १५० पुढच्या एक्सलवरून उचलले जातात, सी-सॉच्या एका टोकाला बसल्यावर दुसरं टोक वर यावं तसे. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग पोकळ वाटतं, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. एकूण पेलोड मर्यादेत असूनही मागचा एक्सल किंवा टायर मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

इथे लोक दोन शॉर्टकट काढतात. पहिला म्हणजे मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवेच्या उशा) नाहीतर जादा पाटे टाकायचे. ट्रकची पाठ सरळ दिसते, पण एक्सल, टायर आणि ब्रेकची मान्य मर्यादा एक किलोनंही वाढत नाही. दुसरा मला जास्त धोकादायक वाटतो. बॉलवरचं वजन कमी व्हावं म्हणून ट्रेलरमधलं सामान मागे सरकवतात. ट्रकला बरं वाटतं, पण नाकाशी हलका झालेला ट्रेलर वेगात डुलायला लागतो. एकदा का तो ट्रकचं शेपूट हलवू लागला की सावरणं अवघड. बॉलवरचं वजन जास्त होत असेल तर ट्रक हलका करा, नाहीतर ट्रेलर लहान घ्या.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबद्दल नेहमी विचारतात. तो उपयोगी आहे. त्याच्या पट्ट्या काही भार पुढच्या एक्सलकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे पाठवतात, स्टिअरिंग पुन्हा हाताला लागतं. पण लेबलावरचा आकडा बदलत नाही, आणि हिचचं स्वतःचं वजनही मोजावंच लागतं.

अंदाज नको असेल तर वजनकाट्यावर जा. माणसं, सामान, भरलेली इंधनटाकी, सगळं जसं निघणार तसंच ठेवा. आधी फक्त ट्रकचं वजन करा, एक्सलनिहाय. मग ट्रेलर जोडा, वेट डिस्ट्रिब्यूशनच्या पट्ट्या मोकळ्या ठेवा आणि फक्त ट्रकची चाकं काट्यावर घेऊन पुन्हा करा. दोन वजनांतला फरक म्हणजे बॉलवरचा खरा भार. ट्रेलरच्या पाण्याच्या टाक्या भरलेल्या असू द्या. लिटरला एक किलो, आणि टाकी ट्रेलरच्या चाकांच्या पुढे असेल तर १५० लिटर पाण्याचा काही भाग सरळ तुमच्या बॉलवर येतो.