समुद्राच्या तळातला पाऊस

नमस्कार श्रोतेहो.

माझं गाव खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीत. जांबोटी ओलांडून चोर्ल्याकडं निघालात की पावसाळ्यात भरदुपारी दिवे लावावे लागतात, तो आमचा भाग. वडील शाळामास्तर. गावच्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं. सकाळी साडेआठ वाजले की डोक्यावर खोळ घेऊन ते अंगणात जायचे, साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचे, माप डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा बघायचे आणि वहीत लिहायचे. जुलैत ते माप पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. मी विचारायची, "बाबा, तुमच्या वहीच्या आधी केवढा पाऊस पडायचा?" ते म्हणायचे, "त्याची वही कुणी ठेवली असती तर सांगितलं असतं."

ती वही समुद्राच्या तळाच्या चिखलात शोधण्यातच माझी सगळी नोकरी खर्ची पडली. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र म्हादईला मिळतो, आणि म्हादई पुढं मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. एकाच सरीचं पाणी दोन समुद्रांना जातं. पाण्याबरोबर आपली तांबडी माती जाते, झाडांचे परागकण जातात आणि तळाशी थरावर थर बसतात. खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर, किनाऱ्याजवळ त्याहून पुष्कळ जास्त.

गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. विद्यार्थिनी म्हणून तिथं गेले, तेव्हा अदिती पंत यांचं नाव ऐकलं. नागपूरच्या या मराठी समुद्रशास्त्रज्ञ बाई १९८३ च्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या होत्या. जहाजावर जायचं धैर्य मला त्या नावानं दिलं.

जहाजावरून जड नळी तळाच्या चिखलात रुतवून वर ओढतात. नळीत वर आजचा चिखल, खाली जुना. त्याचे पातळ काप करायचे. एकेक काप बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या ताटलीत पसरायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलायचं. फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांनी बांधलेली ही चुन्याची घरं वाळूच्या कणाएवढी असतात. त्यातलं ग्लोबिजेरिना बुलॉइड्स पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या आठवल्या. तसेच टम्म फुगे, एकमेकांना बिलगलेले. नैर्ऋत्येचे वारे जोरात वाहिले की ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, सकस पाणी वर येतं आणि तिथं या लाह्या वाढतात. म्हणून तिथल्या चिखलात त्या मोजायच्या आणि वाऱ्याचा जोर ओळखायचा.

दुसरी खूण प्राणवायूची. पावसाच्या पाण्यात समुद्रापेक्षा हलका, म्हणजे कमी वजनाच्या अणूंचा, प्राणवायू अधिक असतो. नद्यांना मोठे पूर आले की तो किनाऱ्याजवळच्या कवचांत उतरतो. पण पाणी किती गार किंवा ऊन होतं याचाही त्यावर परिणाम होतो, म्हणून कवचातलं मॅग्नेशियम मोजून तो भाग वेगळा काढावा लागतो.

यातून काय कळतं? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता आणि आपला पावसाळा दुबळा होता. पुढं साधारण ९-१० हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ यायची. जमीन जास्त तापायची, पाऊसही दांडगा पडायचा. आज ती जानेवारीत जवळ येते. हे चक्र साधारण २३ हजार वर्षांचं आहे.

एक चूक सांगते. डेकवर पाऊस होता, नळीच्या एका तुकड्यावरची खूण पुसली गेली आणि तो तुकडा उलटा ठेवला गेला. आठ महिने मी त्यातली कवचं मोजली. ओला काळ सुका झाल्याचं सुरेख टिपणही लिहिलं. नंतर कार्बन-१४ नं वय काढलं तर खालचा चिखल वरच्यापेक्षा तरुण! कोरडा काळ ओला होत गेला होता आणि मी नेमकं उलटं वाचत होते. तेव्हापासून आधी वय, मग मोजणी.

अलीकडं मला किनाऱ्याचीच जास्त काळजी वाटते. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगत खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकतं. सह्याद्रीतून आलेल्या गोड्या पाण्याचा थर त्यावर झाकणासारखा बसतो, वरची हवा खाली मिसळत नाही. समुद्रशास्त्रज्ञ सय्यद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की ही कमतरता तीव्र होते आहे, आणि शेतातून वाहून येणाऱ्या नत्राचा तिला हातभार लागत असावा असंही मांडलं. नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, झाल्यावर आपण भाताला युरिया टाकतो. त्यातला थोडा ओहोळाला लागतो. खत टाकल्यावर बांधाची मोरी दोन दिवस बुजवून ठेवा, एवढं मी आमच्या गावात प्रत्येकाला सांगते.

बाबा एकदा प्रयोगशाळेत आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले. मी म्हटलं, "बाबा, हा एक काप शंभर वर्षांचा. तुमच्या सगळ्या वह्या यात मावतात." परत गेल्यावर त्यांनी त्या वह्या माझ्याकडं पाठवून दिल्या. नळीतल्या सगळ्यांत वरच्या थराचा ताळा मी आता त्यांच्याशी लावते. मध्ये एका जुलैत सलग चार दिवस अक्षर वेगळं आहे. बाबांना ताप होता, ते आकडे आईनं लिहिलेत.