कोठवर, प्रभू?

श्रोतेहो, नमस्कार. घरावर संकट आलं की मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, चार माणसं भेटायला येतात आणि निघताना सांगतात, "रडू नका, विश्वास ठेवा." सांगणाऱ्याच्या मनात माया असते. पण ऐकणाऱ्याला वाटू लागतं की रडू आलं म्हणजे आपला विश्वासच कच्चा. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, असं कुठेही नाही. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलमधला प्रार्थनागीतांचा ग्रंथ. त्यातल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं सरळसरळ गाऱ्हाणी आहेत, आणि ती देवाच्याच पुढ्यात मांडलेली आहेत.

आज रात्री 13वं स्तोत्र उघडा. अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा, ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे, देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? तू मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार? तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणं आहे. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये शत्रू पळाल्याचा किंवा दुखणं बरं झाल्याचा उल्लेख नाही. परिस्थिती तीच असताना दावीद म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे.

हे स्तोत्र प्रार्थना म्हणून वापरायचं तर मोठ्याने वाचा. आपल्या इंदुरात रविवारची उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत होते. घरी मात्र ज्या भाषेत आईशी भांडता, त्या भाषेत वाचा. दुसऱ्या वचनापाशी थांबा आणि आपलं दुःख एका वाक्यात, नाव घेऊन सांगा: "प्रभू, पिथमपूरची नोकरी गेली, मुलाची फी भरायची आहे." "सगळं ठीक कर" एवढंच मोघम म्हणू नका. त्यातून आपल्याला नेमकं काय हवंय हे आपल्यालाच कळत नाही, आणि उत्तर मिळालं तरी ओळखू येत नाही. चौथ्या वचनानंतर मागणं वहीत तारीख घालून लिहा. मग पाचवं-सहावं वचन वाचा. मनात तसं काही वाटत नसलं तरी वाचा. त्या दिवसापुरते दावीदाचे शब्द उसने घ्या.

गाडी बहुधा दोन ठिकाणी अडते. काही जण गाऱ्हाणं टाळून थेट पाचव्या वचनावर उडी मारतात, आणि मग दाबलेला राग घरच्यांवर निघतो. काही जण दुसऱ्या वचनातच महिनोन्‌महिने फिरत राहतात, कारण ते स्वतःशीच बोलत असतात, देवाशी नाही. सुरुवातीला "हे परमेश्वरा" म्हणायचं ते एवढ्यासाठीच.

आणि शरीराकडे लक्ष द्या. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला रागावलं नाही, उपदेशही केला नाही. देवदूताने उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरापर्यंतची 40 दिवसांची वाट त्यानंतरची. म्हणून विश्वासाच्या नावाखाली औषधं बंद करू नका, उपाशी राहू नका. सारखे मरणाचे विचार येत असतील तर आजच घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

भेटायला जाणाऱ्यांनी ईयोबाचे, म्हणजे बायबलमधल्या त्या दुःखात बुडालेल्या नीतिमान माणसाचे, तीन मित्र आठवावेत. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं सांगू लागले, तिथे चुकलं, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला. म्हणून इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये कुणाला बघायला गेलात तर "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य बाहेरच ठेवा. डबा न्या. रात्री थांबायला कुणी आहे का, ते विचारा. त्यांनी म्हटलं, तर एक स्तोत्र वाचा.

ज्या दिवशी 13व्या स्तोत्रातलं पाचवं वचन ओठांवर येतच नाही, त्या दिवसासाठी 88वं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं, भरवशाकडे वळतही नाही. पण "माझ्या तारणाऱ्या देवा" अशी हाक मारूनच ते सुरू झालेलं असतं. तेवढी हाक मारून झोपलात तरी ती प्रार्थनाच आहे. नमस्कार.