लिलीच्या कांद्याला सुट्टी द्या

मे महिन्याचं रणरणतं ऊन, कुंडीत नुसती माती, आणि त्या मातीतून हा जाड दांडा वर आलाय बघा, टोकाला लालभडक गोळा. ही फुटबॉल लिली, मे फ्लॉवर पण म्हणतात हिला. कॅमेरा जरा जवळ नेऊया... हे एक फूल नाहीये, बारीक बारीक फुलांचा अख्खा गुच्छ आहे. मूळची आफ्रिकेतली, पण आपल्याकडे मस्त रमलीये.

आता होतं काय, पावसाळा सरला की हिची पानं पिवळी पडतात, मग लोक घाबरतात, अजून पाणी घालतात, खत घालतात, आणि आत कांदा कुजून जातो. अहो ती आजारी नाहीये, तिची विश्रांतीची वेळ झालीये! पाणी बंद करा, कुंडी पावसापाण्यापासून बाजूला ठेवा, उन्हाळ्यात कोंब दिसला की मग पाणी सुरू. ॲमरिलिस या कांद्यापासून येणाऱ्या फुलझाडालाही हिवाळ्यात अशीच कोरडी सुट्टी लागते, फक्त तिचा कांदा पूर्ण पुरायचा नाही, मान मातीच्या वर हवी.

रेन लिली सगळ्यात सोपी. कुंडीत दाटी झाली तरी चालतं, पाण्याचा थोडा ताण बसला आणि मग वळवाची एक सर आली की चार-पाच दिवसांत फुलं हजर.

खरी परीक्षा एशियाटिक आणि ओरिएंटल लिलीची. हा कांदा हातात घेऊन बघा, नुसत्या मांसल पाकळ्या, वर कागदी साल नाहीच, म्हणून उघड्यावर पटकन सुकतो, आणला की लगेच लावायचा. दांड्यालाही कांद्याच्या वर मुळं फुटतात, त्यामुळे 10-15 सेंटिमीटर खोल, माती भुसभुशीत, पाणी साचता कामा नये. पुण्या-नागपुराकडे नोव्हेंबरच्या आसपास लावलेली बरी. पहिल्या वर्षी फुलते, कारण विकत आणलेल्या कांद्याला कोल्ड स्टोरेजची थंडी आधीच मिळालेली असते, दुसऱ्या वर्षी ती आपण द्यायची, ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात ठेवून फ्रिजमध्ये 6-8 आठवडे, शेजारी फळं नकोत, कारण त्यातून निघणाऱ्या इथिलीन गॅसने आतला कोंब खराब होतो.

आणि घरात मांजर असेल तर या एशियाटिक-ओरिएंटल आणूच नका, प्लीज. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराच्या किडन्या निकामी होतात. अशा घरासाठी ती मेमधली फुटबॉल लिलीसुद्धा नको, तिचा कांदा विषारी असतो. गुलाब, जास्वंद लावा, तीही गॅलरी भरून टाकतात.